मॉड्यूल आमचं नाही

ज्या ऑफिसात कामं वेळेवर होतात, तिथे सांगण्यासारखं काही घडत नाही. आमच्याकडे सांगण्यासारखं इतकं साठलंय की परवा मैत्रिणीच्या साखरपुड्यात मी एक किस्सा सुरू केला आणि पंगत उठली तरी माझं ताट तसंच भरलेलं! काम अडतं, माणसं चिडतात, कोणीतरी काहीतरी बोलून जातं आणि ते वाक्य मग ऑफिसात कायमचं राहायला येतं. भाडंही देत नाही.

आमचं ऑफिस अमरावतीत, राजापेठेजवळ, एका कोचिंग क्लासच्या डोक्यावर. खाली पोरं डॉक्टर व्हायची तयारी करतात, वर आम्ही वेबसाइटी बनवतो. माणसं तीन. वानखडे सर, म्हणजे मालक. पंकज, नांदगाव खंडेश्वरकडचा, अंगानं किरकोळ आणि बोलण्यात त्याहून किरकोळ. आणि मी. मी अकोल्याची, इथे रूम करून राहते आणि शनिवार आला की बसस्टँडकडे पळते. एका जागी बसणं माझ्या स्वभावातच नाही आणि नोकरी मात्र बसायचीच मिळाली. काम अडलं की माझा पाय आपोआप हलायला लागतो, पायामुळे टेबल हलतं आणि टेबलामुळे पंकजचा माऊस सरकतो.

‘बनवतो’ हा शब्दही जरा मोठाच झाला. साइटचा सांगाडा तयार मिळतो. त्यात फोटो सरकवायचे असोत, तारखा दाखवायच्या असोत, त्या प्रत्येक कामाचे जोडभागही नेटवर तयार असतात. त्यांना मॉड्यूल म्हणतात. सर गिऱ्हाइकाला सांगतात, गाडी कंपनीची आहे, वरचं कॅरिअर आम्ही बसवून देतो. ते कॅरिअरसुद्धा जगात कोणीतरी आधीच बनवून फुकट ठेवलेलं असतं, हे सर सांगत नाहीत. आम्ही ते आणायचं, बसवायचं आणि रंग बदलायचा. स्वतः वेल्डिंग करायची वेळ आमच्यावर कधी आली नव्हती.

*

बडनेरा रोडवरच्या एका मंगल कार्यालयाची साइट आम्ही केली होती. कोणत्या तारखा रिकाम्या आहेत ते दाखवणारं मॉड्यूल अर्थातच बाहेरचं. एका सकाळी त्या मॉड्यूलनं स्वतःला अपडेट करून घेतलं आणि सगळ्या महिन्यांची नावं भलत्याच देशाच्या भाषेत दिसायला लागली. लग्नसराईचे दिवस. कार्यालयाच्या मालकांचा फोन आला.

सरांनी ठेवणीतलं उत्तर दिलं. “मालक, मॉड्यूल आमचं नाही. ज्याचं आहे त्याला कळवलंय. तिकडे आत्ता रात्र आहे.”

मालक शांतपणे म्हणाले, “रात्र असन तं झोपू द्या बिचाऱ्याले. मायासमोर पोरीचा बाप बसला आहे, त्याले कोन्ता महिना सांगू तेवढं बोला.”

सरांनी खुर्चीतून वळून भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि मालकांना फोनवर महिने एकेक करून वाचून दाखवले.

*

‘मॉड्यूल आमचं नाही’ हे वाक्य म्हणजे आमची छत्री होती. कोणतंही गिऱ्हाईक गरजायला लागलं की आम्ही ती उघडायचो. पंकजला मात्र हे वाक्य घरी फार महाग पडलं.

त्याचे वडील एकदा ऑफिसात आले. त्यांचं गावाला ओलिताचं शेत आहे. वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, झेंडू, शेवंती लावतात आणि तालुक्याला देवळाजवळ त्यांचं फुलांचं दुकानही आहे. येताना त्यांनी सरांसाठी आणि माझ्यासाठी पिशवीभर भाजी आणली होती. सरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि पंकजला म्हणाले, दाखव बाबांना काय काय केलं ते. पंकजनं मोठ्या हौसेनं एका शाळेची साइट उघडली.

काकांनी ती बराच वेळ पाहिली. मग विचारलं, “हे फोटो कोनाचे?”

“शाळेनं देल्ले.”

“हे लिवलं कोनं?”

“हेडमास्तरनं.”

“अन् हे जे आपोआप सरकून राहिलं, ते?”

“ते मॉड्यूल आहे. बाहेरून आणलं.”

“मंग यात तुयं काय हाय?”

पंकजनं माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि खालच्या आवाजात म्हणाला, “रंग.”

मी पाणी पिण्याच्या निमित्तानं गॅलरीत गेले. हसू आवरत नव्हतं हे खरं, पण आत कुठेतरी टोचलंही. तोच प्रश्न माझ्या बापानं विचारला असता तर मी तरी काय सांगणार होते? माझंही तेवढंच होतं.

परत आले तर काका उठून उभे होते. रागात नव्हते, तेच जास्त वाईट. पंकजला म्हणाले, “दसऱ्यालोक पायतो. तुया हातचं एक काही दाखव. नाई तं दुकानावर ये. तेथं हार तं आपल्या हातानं गुंफते मानूस.”

दुकानावर माणूस खरंच कमी पडत होता आणि काका बोललेलं मागे घेत नाहीत हे पंकज जाणून होता. दसऱ्यापर्यंतची मुदत मिळाली आणि त्या दिवसापासून त्याची नखं राहिली नाहीत.

*

तशात नेमकं ते काम आलं. नांदगाव खंडेश्वरकडच्या भाजी-फुलं लावणाऱ्या शेतकऱ्यांचा एक गट होता. त्यांचे सचिव इंगळेभाऊ. त्यांना साइट हवी होती. रोज सकाळी अमरावतीचा भाव आणि अकोल्याचा भाव शेजारी शेजारी दिसले पाहिजेत, म्हणजे गाडी कोणत्या बाजूला वळवायची ते घरूनच ठरवता येईल. दोन्हीकडच्या बाजारात त्यांची माणसं होती, ती मोबाइलवरून भाव टाकणार. गटात पंकजचे वडीलही होते. म्हणजे परीक्षेला बापच सुपरवायझर!

सरांनी सवयीप्रमाणे नेटवर तयार मॉड्यूल शोधलं. सापडलं ते शेअर बाजाराचं. सर म्हणाले, भाव तो भाव, शेअरचा काय अन् वांग्याचा काय. त्यांनी कंपन्यांची नावं काढून त्या जागी भाज्या टाकल्या आणि इंगळेभाऊंना बोलावलं.

स्क्रीनवर वांग्याचा वर-खाली जाणारा आलेख होता. मेथीसमोर लाल बाण. वर मोठ्या अक्षरात, बाजार सकाळी सव्वानऊला उघडेल. इंगळेभाऊ चष्मा वर-खाली करत वाचत राहिले. मग म्हणाले, “वानखडे साहेब, सव्वानऊले आमची भाजी इकून, मानूस घरी जाऊन, जेवून झोपते.”

सरांनी आलेखावर बोट ठेवलं आणि हे किती शास्त्रीय आहे ते सांगू लागले. भाऊंनी पुन्हा वाचलं. “अन् हे शनिवार-रविवार बंद काहून दाखोते? झाडाले सुट्टी असते काय?”

ते गेल्यावर सरांनी शेअर बाजाराचं मॉड्यूल काढून टाकलं. मग म्हणाले, आपण स्वतःच लिहू. खाली क्लासात कोणीतरी ओरडून हाडांची नावं पाठ करून घेत होतं, ती आम्हाला स्पष्ट ऐकू आली, इतकं आमच्याकडे शांत झालं होतं.

*

स्वतःचं मॉड्यूल कसं लिहायचं हे आम्ही व्हिडिओ बघून शिकलो. व्हिडिओतला माणूस प्रत्येक वाक्याला ‘इट इज व्हेरी सिंपल’ म्हणायचा. त्याचं तोंड बघून माझा पाय हलायला लागायचा. मॉड्यूल म्हणजे खरं तर एक फोल्डर. त्यात एका छोट्या फाइलमध्ये मॉड्यूलचं नाव-गाव लिहायचं, दुसरीत ते काय करणार ते लिहायचं. ते साइटच्या पोटात ठेवलं की साइट त्याला ओळखते. निदान व्हिडिओत तरी ओळखायची.

पंकजनं पहिलं मॉड्यूल लिहिलं. एका पानावर फक्त एक ओळ दाखवायची. त्यानं लिहिलं, ठेवलं, पान उघडलं. काही नाही. पुन्हा लिहिलं. काही नाही. दुपारभर तो तेच लिहीत होता, खोडत होता, पुन्हा लिहीत होता. जेवायला उठला नाही. चेहरा असा झाला होता की मी माझा पाय धरून बसले होते, न जाणो टेबल हलायचं.

संध्याकाळी सर आले, त्यांनी उभ्या उभ्या एक बटण दाबलं आणि ओळ दिसली. झालं असं होतं की साइट पटकन उघडावी म्हणून पानांची एक जुनी प्रत जपून ठेवते आणि तीच तीच दाखवत राहते. ती पुसली की नवं दिसतं. पंकजचं सकाळचं पहिलंच लिखाण बरोबर होतं. दिवसभर तो बरोबर गोष्ट दुरुस्त करत होता!

तेव्हापासून आमच्याकडे कोणत्याही दुखण्यावर पहिला प्रश्न एकच, “पुसलं काय?” प्रिंटर अडकला, पुसलं काय? नेट गेलं, पुसलं काय? एकदा वहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, ऑफिसात तणतणत आल्या. लग्नाचा वाढदिवस सर विसरले होते. त्या सरांना सगळ्यांसमोर बोलत असताना पंकज, जो एरवी तोंड उघडत नाही, हळूच मला म्हणाला, “ताई, वहिनीची जुनी प्रत पुसल्या जात नाई.”

*

त्या पहिल्या ओळीचाही एक किस्सा आहे. व्हिडिओतला माणूस तिथे ‘हॅलो वर्ल्ड’ लिहायला सांगतो. पंकज म्हणाला, जगाला हॅलो करायला आपण कोण, आणि त्यानं लिहिलं, ‘जेवले काय?’

आता आमच्या सर्वरवर सगळ्या गिऱ्हाइकांच्या साइट शेजारी शेजारी. घाईघाईत पंकजनं ते मॉड्यूल चुकून दुसऱ्याच साइटवर चालू केलं. ती साइट होती कॅम्प भागातल्या एका दातांच्या डॉक्टरांची. दोन दिवस त्यांच्या पहिल्याच पानावर, डॉक्टरांच्या हसऱ्या फोटोखाली, ठळक अक्षरात लिहिलेलं होतं, जेवले काय?

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा सरांनी छत्री उघडायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मॉड्यूल आमचं नाही, असं म्हणायची सोयच नव्हती. सर माफी मागायला लागले. डॉक्टर म्हणाले, “अहो राहू द्या ते. पेशंट आता येतानीच जेवून येते. दात काढल्यावर चक्कर येऊन पडत नाही.”

ते अजूनही आहे तिथे.

*

पुढे पुढे व्हिडिओ संपले आणि आम्हाला हवं ते त्यात नव्हतं. दोन बाजारांचे भाव एका ओळीत कसे आणायचे, यावर आम्ही अडलो. दसरा जवळ येत होता. पंकज खिडकीत जाऊन उभा राहायचा, परत येऊन बसायचा, पुन्हा उठायचा. सर येरझाऱ्या घालायचे. मी काय करायचे ते तुम्हाला माहीत आहे. तीन माणसांच्या त्या खोलीत एकही माणूस स्वस्थ नव्हता. मला तर वाटायचं, पुण्याला निघून जावं सरळ. तिथे निदान विचारायला कोणी असेल.

शेवटी मी पंकजचा सगळा कोड जगभरचे लोक प्रश्न विचारतात त्या ठिकाणी टाकला आणि इंग्रजीत मदत मागितली. टाकल्यावर लक्षात आलं की पंकजनं कोडमधल्या कामांना नावं आपल्या बोलीत दिली होती. भाव आणून देणाऱ्या कामाचं नाव ‘भाव_सांग’. भाव आला नाही तर काय करायचं, त्याचं नाव ‘भाव_काहून_नाई’, म्हणजे भाव का नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जगभरचे हुशार लोक आता हे वाचणार!

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. उत्तर देणारा कुठल्या तरी थंड देशात होता. त्यानं आमची अडचण इंग्रजीत नीट समजावून सांगितली होती, चूक कुठे आहे ते दाखवलं होतं. आणि सगळ्यात खाली आपल्या बोलीत एक ओळ होती. “तुमी अमरावतीचे का अकोल्याचे? मले इकडे येऊन किती वर्सं झाले, ‘काहून’ मनून कोनंच काही इचारलं नाई.”

मी ते सरांना मोठ्यानं वाचून दाखवायला गेले आणि दुसऱ्या वाक्याशी थांबून स्क्रीनच त्यांच्याकडे वळवला. पुण्याला जायचं त्या दिवशी मनातही आलं नाही.

*

आणि मॉड्यूल चाललं. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात चाललं. अकोल्याचा माणूस मोबाइलवर भाव टाकायचा आणि आमच्या तिघांच्या स्क्रीनवर तो लगेच दिसायचा. वांगी, मेथी, सांबार, शेवंती, झेंडू. पंकज दर थोड्या वेळानं पान उघडून बघायचा. मी एकदा म्हटलं, अरे मोडणार नाही ते. तर म्हणाला, “ताई, मोडते म्हणून नाई पाहून राह्यलो.”

इंगळेभाऊंनी साइट सगळ्या गटाला पाठवली. काकांनाही गेली. त्यांचा काही फोन आला नाही. पंकजची आई त्याला सांगायची, बाबा सकाळी उठल्या उठल्या मोबाइल डोळ्यांजवळ धरून बसतात, पण बोलत काहीच नाहीत. पंकजनं मला विचारलं, त्यांना कळलं असेल ना की हे माझं आहे? मी म्हटलं, तूच सांग ना. तो म्हणाला, साइटवर माझं नाव थोडंच आहे, आणि आजवर घरी इतक्यांदा ‘ते आमचं नाही’ म्हटलंय की आता हे माझं म्हटलं तर त्यांना पटणार नाही. मला त्याचा इतका राग आला की मीच फोन लावणार होते. सरांनी थांबवलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही ऑफिसात पूजेसाठी कॉम्प्युटर पुसत होतो. खरोखरचे, फडक्यानं. पंकजच्या आईचा फोन आला. बाबा सगळा झेंडू घेऊन अकोल्याला गेले म्हणाली. अमरावती जवळ असून अकोल्याला का, तर साइटवर अकोल्याचा भाव चांगला दिसला म्हणून. गटातली आणखी एक गाडी त्यांच्या मागोमाग निघाली होती.

पंकजचा चेहरा क्षणभर उजळला. बापानं वर्षाचा झेंडू त्याच्या मॉड्यूलवर टाकला होता! मग त्यानं स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीनवर अकोल्याच्या झेंडूचा भाव पार कोसळला होता. सगळीकडून माल अकोल्यातच उतरला होता आणि तिथल्या माणसानं पहाटेच तसा भाव टाकला होता.

सर म्हणाले, काकांनी घाईत उलटं वाचलं असेल. मला ते पटेना. कांद्याचा भाव उलटा वाचणारा माणूस मी पाहिलाय, झेंडूचा दसऱ्याला उलटा वाचणारा माळी कुठे सापडायचा नाही. मी माझा मोबाइल काढला, आपण कोणी बाहेरचेच आहोत असं समजून, लॉगिन न करता साइट उघडली. तिथे कालचा भाव होता.

जुनी प्रत! कोड नवा असला तर साइट सगळ्यांनाच जुनं दाखवते, पण रोजचा भाव लॉगिन केलेल्या माणसाला ताजा दाखवते. बाहेरच्या माणसाला ती जपून ठेवलेली जुनी प्रतच चांगली दिवसभर दाखवत राहते, आणि नवा भाव आला की ती फेकून दे, हे मॉड्यूलमध्ये सांगावं लागतं. ते आम्ही सांगितलंच नव्हतं. एरवी एका दिवसात भाव फारसा हलत नाही, म्हणून गटातही कोणाला कळलं नव्हतं. आम्ही तिघंही सकाळपासून संध्याकाळपर्यंत लॉगिन करून बसणारी माणसं. इतके दिवस आम्ही आमचंच काम बघून खूश होत होतो. बाहेरून कसं दिसतं ते एकदाही, एकानंही पाहिलं नव्हतं.

पंकजनं वडिलांना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. गाडी चालवताना काका मोबाइल डब्याच्या पिशवीत टाकतात. तो फोन कानाला लावून खोलीभर फिरत राहिला. मग सरांनी गाडीची किल्ली उचलली.

*

मूर्तिजापूरपर्यंत सर एकटेच बोलत होते. काकांना काय सांगायचं ते त्यांनी ठरवत आणलं होतं. सर्वर स्लो होता म्हणता येईल. सांगाडा बाहेरचा आहे, जुनी प्रत ठेवायची सवय त्या सांगाड्याची, आपली नाही, असंही म्हणता येईल, आणि ते खोटंही नाही. पंकज पुढच्या सीटवर पुन्हा पुन्हा फोन लावत होता. मी मागे लॅपटॉप मांडीवर घेऊन ते दुरुस्त करत होते. गाडीच्या हादऱ्यांनी अक्षरं चुकत होती, मोबाइलचं नेट येत-जात होतं. दुरुस्ती एका ओळीची निघाली. एका ओळीची! मला लॅपटॉप काचेतून बाहेर फेकावासा वाटला.

मी म्हटलं, झालं, आता बाहेरूनही बरोबर दिसतंय. सरांनी गाडीचा वेग वाढवला.

अकोल्याच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडे पाहावं तिकडे झेंडू. गाड्यांवर, पोत्यांवर, खाली मातीत, माणसांच्या चपलांना. मी याच गावची, पण झेंडू नकोसा वाटावा असा तो पहिलाच दसरा. काका एका अडत्याच्या ओट्यासमोर बसले होते. गाडी रिकामी झाली होती. अडत्याच्या मागे त्यांच्या फुलांचा ढीग होता, म्हणजे माल गेला होता, आणि ज्या भावानं गेला असेल तो सगळ्या बाजाराच्या तोंडावर दिसत होता. मागोमाग आलेला शेतकरी शेजारी उभा राहून काकांना म्हणत होता, कोण्या बेअक्कल माणसानं ते साइट बनवली कोणास ठाऊक.

आम्हाला बघून काका उठले. सर पुढे झाले, हात जोडले आणि सुरू झाले, “काका, त्याचं असं झालं, तो जो सांगाडा असतो ना साइटचा, तो आपला...”

“सर, थांबा,” पंकज म्हणाला.

सर थांबले. पंकज वडिलांसमोर जाऊन उभा राहिला.

“बाबा, भाव कालचा दिसला. चूक मायी आहे.”

काकांनी विचारलं, “तुयी मनजे? तुमच्या हापिसची?”

“नाई. मायी. भावाचं ते सारं म्या लिवलं. एक गोष्ट लिवाची राह्यली.”

“दुसऱ्या कोनाच्या हातचं नाई त्यात?”

“नाई.”

“बाहेरून आणलेलं?”

“नाई बाबा. सारं मायंच हाय.”

काकांनी एकदा त्या ढिगाकडे पाहिलं. शेजारचा शेतकरी काही बोलायला गेला, त्याला त्यांनी हातानंच थोपवलं. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. मग ते पंकजच्या दंडाला धरून त्याला ओट्याजवळ घेऊन गेले आणि अडत्याला म्हणाले, “शेठ, हा माया पोरगा. ते साइट यानंच बनोली.”